फोटोतली चांदी



घरातल्या अल्बममध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा एखादा कृष्णधवल फोटो असेल, तर तो खिडकीपाशी नेऊन उजेडात जरा तिरका धरून पाहा. कडेला, जिथे चित्र गडद आहे तिथे, आरशासारखी निळसर-रुपेरी झाक दिसेल. ती धूळ नाही, बुरशीही नाही. ती चांदी आहे. दमट हवेने फोटोतली चांदी वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येते, तिची ती झाक.

फोटो चांदीचा असतो हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना माहीत नसतं. काचेवर, फिल्मवर किंवा कागदावर चांदीच्या क्षारांचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर प्रकाश पडला आणि मग तो रसायनात धुतला, की प्रकाश लागलेल्या जागी चांदीचे अतिशय बारीक कण तयार होतात. इतके बारीक, की ते चमकत नाहीत, काळे दिसतात. बाकीचे क्षार हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातात. म्हणजे सासऱ्यांच्या फोटोतली काळी टोपी आणि सासूबाईंच्या लुगड्याचे काठ, सगळी खरीखुरी चांदी.

आता आपल्या लग्नाचे रंगीत फोटो काढा. आमचं लग्न १९८३चं. ते फोटो आज तांबूस झालेत. हिरवा शालू तपकिरी दिसतो, मांडवातली केळीची पानंही तशीच. आणि त्याच कपाटातला सासूबाईंच्या लग्नाचा फोटो मात्र कालच धुऊन आणल्यासारखा. कारण साधं आहे. रंगीत फोटो धुताना त्यातली चांदी शेवटी काढून टाकतात आणि मागे फक्त रंग राहतात. रंग उडतो. चांदी, नीट धुतली आणि कोरडी ठेवली, तर टिकते.

मी बी.कॉम. झालेली बाई. वस्तूची पुस्तकी किंमत काय आणि मोडीची किंमत काय, हा हिशेब डोक्यात आपोआप चालू होतो. फोटो आणि सिनेमाचा आपल्याकडचा इतिहास वाचत गेले तसं लक्षात आलं, की तो बराचसा याच दोन किमतींचा इतिहास आहे. ज्यांनी चित्राची किंमत चांदीपेक्षा जास्त धरली, त्यांच्यामुळे काही क्षण आपल्यापर्यंत पोचले. ज्यांनी चांदी मोजली, त्यांच्याकडचे कायमचे गेले.

पण त्याआधी आपल्या घरांत अडचणीची वाटणारी एक गोष्ट सांगून टाकते. ही चांदी काचेला किंवा कागदाला चिकटायची कशी? १८५०पासून फ्रान्समधल्या ब्लांकार-एव्हरार यांच्या पद्धतीने अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद वापरात आला आणि एकोणिसाव्या शतकातले बहुतेक फोटो त्याच कागदावर छापले गेले. जर्मनीत ड्रेस्डेनच्या कारखान्यांत त्यासाठी रोज हजारो अंडी फुटत. पुढे १८७१मध्ये इंग्लंडच्या डॉ. रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर सुचवला आणि तो शंभराहून जास्त वर्षं टिकला. फोटोचा कागद, एक्स-रेची फिल्म, सिनेमाची फिल्म, सगळीकडे जिलेटिन. आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून होतं. देवघराबाहेर टांगलेला आजोबांचा फोटो असो की मंदिराच्या सभामंडपातला मुनिमहाराजांचा जुना फोटो, याला अपवाद नाही.

मग काय, फोटो उतरवून ठेवायचे? मला तसं वाटत नाही. ज्यांनी ते काढले त्यांना दुसरा मार्ग नव्हता, बहुतेकांना हे ठाऊकही नव्हतं. आज डिजिटल फोटोला फिल्म लागत नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण जी वस्तू एवढ्या किमतीने बनली, ती बेफिकिरीने सडू देणं हा वर आणखी एक दोष. निदान ती नीट जपणं तरी आपल्या हातात आहे.

जवाहिऱ्यांच्या घरातला मुलगा

फोटोची कला युरोपात १८३९मध्ये जाहीर झाली आणि आपल्याकडे ती फार लवकर आली. मुंबईत १८५४मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नामवंत छायाचित्रकार होते.

पण मला सांगायचं आहे ते लाला दीनदयाळ यांच्याबद्दल. मेरठजवळच्या सरधन्याला १८४४मध्ये एका जैन जवाहीर घराण्यात त्यांचा जन्म झाला. सोन्या-चांदीच्या घरातला हा मुलगा रुडकीच्या थॉमसन कॉलेजात इंजिनियरिंग शिकला, १८६६मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि १८७४च्या सुमारास फोटोग्राफीकडे वळला. इंदूरचे तुकोजीराव होळकर त्यांचे आश्रयदाते. पुढे हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमलं आणि 'राजा' हा किताब दिला. इंदूर, सिकंदराबाद आणि १८९६पासून मुंबई, असे त्यांचे स्टुडिओ होते. किल्ले, देवळं, लेणी, संस्थानिकांच्या स्वाऱ्या, दुष्काळात चाललेली कामं, सगळं त्यांनी टिपलं.

मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते वेगळंच. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार बायकांचा, आणि फोटो काढणारीही एक इंग्रज बाई. पडद्यातल्या बायका परपुरुषासमोर बसायच्या नाहीत, म्हणून त्यांचे चेहरे जगातून फोटोविनाच जात होते. दीनदयाळांनी त्यांच्यापुरती वाट काढली.

आपल्याकडे पडदा तेवढा नव्हता, पण 'फोटो काढला की आयुष्य कमी होतं' असं म्हणणाऱ्या आज्या होत्याच. माझ्या आजीचा एकच फोटो आहे, तोही माझ्या मामाच्या मुंजीसारख्या चाललेल्या उपनयन संस्काराच्या गर्दीतला, अर्धा पदराआड. तिच्या नाकातली नथ दिसते, डोळे दिसत नाहीत. त्यामुळे १८९२ सालात कुणीतरी बायकांच्या फोटोची एवढी काळजी घेतली, हे वाचून मला फार बरं वाटलं.

दीनदयाळ १९०५मध्ये गेले. काचेच्या निगेटिव्ह ठेवणं किती अवघड, विचार करा. एकेक काच जड, धक्का लागला की तडा, ओल लागली की थर सुटतो. हा पसारा त्यांच्या घराण्याने जपला आणि १९८९मध्ये त्यातल्या २,८५७ काचा दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. म्हणजे मालक गेल्यावर चौऱ्याऐंशी वर्षं त्या कुणीतरी उचलल्या, ठेवल्या, पुसल्या. काढणाऱ्याचं नाव टपाल तिकिटावर आलं. पुसणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत.

चौपाटीवरचं स्वागत

स्थिर फोटोंनंतर हलती चित्रं आली. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिए बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. मुंबईतच फोटो स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना सगळे सावेदादा म्हणत, त्यांना या नव्या खेळाने झपाटलं. त्यांनी २१ गिनी मोजून विलायतेहून चलतचित्रांचा कॅमेरा मागवला. १८९९मध्ये हँगिंग गार्डनमध्ये दोन पैलवानांची कुस्ती लावली आणि ती टिपली. भारतीयाने भारतात काढलेलं हे पहिलं चित्रण मानतात.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते त्यांचं १९०१चं काम. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा, रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजला गणितात पहिला आला, सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. डिसेंबर १९०१मध्ये ते परत आले तेव्हा मुंबईत चौपाटीवर त्यांचं मोठं स्वागत झालं, आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तिथे उभे होते. परक्या राज्यात, परक्यांच्या परीक्षेत आपला मुलगा पहिला आला, त्याचा तो आनंद. भारतातली पहिली बातमीची फिल्म ती.

आज ती नाही. सावेदादांची कुस्तीही नाही आणि ते स्वागतही नाही.

पुढची गंमत बघा. रँग्लरांच्या कन्या शकुंतलाबाई १९३७च्या प्रभातच्या 'कुंकू'मध्ये दिसतात. त्या चित्राची प्रत टिकली, म्हणून आज घरबसल्या आपण त्यांना बोलताना-चालताना पाहू शकतो. रँग्लरांची नात सई परांजपे पुढे स्वतःच नावाजलेल्या दिग्दर्शिका झाल्या. ज्या घराण्यातली मुलगी आणि नात पडद्याशी जोडली गेली, त्या घराण्यातला पडद्यावरचा पहिला क्षण मात्र कुणालाच बघायला मिळत नाही. कॅमेरा तिथे होता. पण नंतर ते रीळ कुणाच्या कपाटात राहिलं नाही.

सरस्वतीबाईंचे दागिने

दादासाहेब फाळके यांच्याबद्दल शाळेत एक ओळ असते: पहिला भारतीय चित्रपट, 'राजा हरिश्चंद्र', ३ मे १९१३, गिरगावचं कोरोनेशन थिएटर. त्या ओळीच्या मागे एक स्वयंपाकघर आहे, ते सांगते.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके तरुणपणी गोध्र्याला फोटोग्राफर होते. तिथे प्लेगमध्ये त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेलं. दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई. सिनेमा करायचं फाळक्यांनी ठरवलं तेव्हा विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, मग सरस्वतीबाईंचे दागिने. १९१२मध्ये विलायतेहून कॅमेरा आला. भांडवल देणाऱ्याला हे यंत्र काय करू शकतं ते दाखवायला फाळक्यांनी काय टिपलं असेल? घरात कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा फुटतो, वेल कशी वाढते, ते रोज थोडं थोडं टिपत गेले. पडद्यावर ते भराभर वाढताना दिसलं. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होणारी गोष्ट. ती पाहून पैसे उभे राहिले.

तेव्हा कोरी फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं अंधारात बसून पाडावी लागत. ते काम सरस्वतीबाई करायच्या. फिल्म धुवायलाही त्या शिकल्या. चित्रणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांवर पाडायला पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या, आणि साठ-सत्तर माणसांचं जेवणही त्याच बघायच्या. हे सगळं केल्यावर दागिने अंगावर नाहीत ते नाहीतच. सोनं देऊन त्यांनी चांदीची चित्रं घेतली असं म्हणायला हरकत नाही.

फाळक्यांनी नव्वदहून जास्त चित्रपट काढले. त्यातलं फार थोडं उरलं आहे. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळं आहेत, तीही बहुधा १९१७मध्ये पुन्हा काढलेल्या प्रतीची, असं जाणकार मानतात. पण १९१९चा 'कालिया मर्दन' जवळजवळ पूर्ण आहे. त्यात बाळकृष्ण झाली आहे त्यांची मुलगी मंदाकिनी, जेमतेम सहा-सात वर्षांची. चित्रपटाच्या सुरुवातीला ती नुसती कॅमेऱ्यासमोर येते आणि एकेक भाव करून दाखवते. आधी हसते, मग रुसते, मग रागावते. शंभर वर्षं होऊन गेली, पण ती पोर अजून तशीच रुसते. बाप कॅमेऱ्यामागे आहे हे तिच्या चेहऱ्यावर कळतं. आज आपण नातवंडांचे व्हिडिओ काढतो, 'आजीला हसून दाखव' म्हणतो, त्याची ही थोरली बहीणच.

१९१७च्या सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही फाळक्यांनी काढली होती. तिचा काही भाग उरला आहे. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. घरातला जो माणूस सगळ्यांचे फोटो काढतो, त्याचाच फोटो कधी नसतो. फाळक्यांनी ती उणीव राहू दिली नाही.

आपल्या भागातलं म्हणाल तर कोल्हापूर. बाबूराव पेंटर आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी कॅमेरा स्वतः घडवायचं मनावर घेतलं. आनंदराव मध्येच गेले, तरी बाबूरावांनी तो पुरा केला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला भांडवल दिलं ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. म्हणजे इथेही पुन्हा एका बाईची शिल्लक. १९२०मध्ये 'सैरंध्री' आला, १९२५मध्ये 'सावकारी पाश'. सावकाराच्या कर्जाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याची ती गोष्ट, आणि शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. त्या काळात देवादिकांच्या कथा सोडून कुणी असा विषय घेत नव्हतं. हा मूकपट आज उपलब्ध नाही. आपण फक्त त्याची वर्णनं वाचायची.

मोडीच्या भावाने

एवढं सगळं गेलं कुठे? दोन वाटांनी गेलं.

पहिली वाट आगीची. १९५०च्या सुमारापर्यंत सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची. ती इतकी ज्वालाग्राही, की एकदा पेटली तर पाण्याखालीही जळत राहते, कारण जळायला लागणारा प्राणवायू तिच्यातूनच सुटतो. बंद डब्यात, उकाड्यात ती आपोआप कुजते, चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. २००३च्या जानेवारीत पुण्यात अशा जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि पुष्कळ रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट तेवढे वाचले.

दुसरी वाट मोडीची. चित्रपट थिएटरातून उतरला की त्याची कमाई संपली. डबे जागा अडवतात, आगीची भीती, आणि फिल्ममध्ये चांदी. बोलपट आल्यावर तर मूकपट कोण बघणार? मग फिल्म किलोवर जायच्या. रसायनात धुऊन चांदी काढून घ्यायची, उरलेलं सेल्युलॉइड मोडीत. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा', ज्याच्यासाठी लोकांनी थिएटरबाहेर झुंबड केली, त्याची एकही प्रत आज नाही. फोटो उरलेत, जाहिराती उरल्यात. पी. के. नायर सांगत, की त्याच्या शोधात ते निर्माते अर्देशीर इराणी यांच्या घरी गेले, तेव्हा चांदी काढून डबे मोडीत दिल्याचं त्यांना कळलं.

हिशेब म्हणून त्या लोकांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. खतावणीत झिजणाऱ्या मालमत्तेवर दरवर्षी घसारा धरतात आणि शेवटी मोडीची किंमत घेऊन ती खात्यातून काढून टाकतात. कॉलेजात आम्हाला तेच शिकवलं. पण घसारा धरून चालणारं खातं यंत्राचं आणि खुर्चीचं असतं. जिची दुसरी प्रत जगात नाही, त्या वस्तूला ते लावलं, की 'आलम आरा' जातो आणि त्याच्या बदल्यात थोडी चांदी हाती येते.

हे नायर म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आद्य शिल्पकार. संग्रहालय १९६४मध्ये सुरू झालं. केरळातून आलेल्या या माणसाने गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या घरी, गोदामांत, जुन्या बाजारात डबे शोधले. फाळक्यांच्या मुलांना गाठून त्यांच्याकडची रिळं मिळवली. मंदाकिनी आज रुसताना दिसते ती त्यामुळे. १९९१मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट होते, त्यातले ८,००० भारतीय. २०१६मध्ये पुण्यातच ते वारले. त्यांच्यावर 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट आहे, मिळाला तर जरूर बघा.

पण नायर दारात येईपर्यंत फाळक्यांच्या घरी ते डबे कुणी ठेवले होते? फाळक्यांचे अखेरचे दिवस ओढग्रस्तीचे गेले. चांदीला तेव्हाही भाव होता. तरी त्या घरातून ती रिळं मोडीत गेली नाहीत.

पाणी ओसरल्यावर

आता आपल्या घराकडे येते. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. जिवाची माणसं सुखरूप, यातच सगळं आलं. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल बाहेर निघत होता, गाद्या, धान्य, फ्रिज, पुस्तकं. आमच्या शेजारच्या वहिनींचं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये शाबूत होतं. त्या रडत होत्या ते अल्बमसाठी. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेलेले. सगळे फोटो एकमेकांना चिकटून उडदाच्या ओल्या पापडांची चवड व्हावी तसा गठ्ठा झाला होता.

मगाशी सांगितलेलं जिलेटिन इथे उपयोगी पडतं. ते पाण्याने फुगतं, आणि वाळताना शेजारच्या फोटोला घट्ट चिकटतं. म्हणून ओला गठ्ठा कधीही तसाच वाळू द्यायचा नाही. ओढूनही सोडवायचा नाही, चेहरेच निघून येतात. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत तो ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, आणि फोटो आपोआप सुटे होऊ लागले की एकेक अलगद काढायचा. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, चोळायचं नाही. मग साध्या कोऱ्या कागदावर चित्र वर करून, किंवा दोरीला कडेने चिमटा लावून, सावलीत वाळवायचा. हे सगळं दोन दिवसांच्या आत झालं पाहिजे. तेवढी सवड नसेल आणि वीज असेल, तर गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि नंतर सावकाश करायचं. वहिनींच्या अल्बममधले निम्म्याहून जास्त फोटो असे वाचले. घरच्या प्रिंटरवर छापलेले मात्र पाण्यातच विरघळले.

पूर काही दरवर्षी येत नाही. पण पुरापेक्षा हळू येणारं एक पाणी आहे, ते म्हणजे विसरणं. माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या लग्नाच्या फोटोत एकवीस माणसं आहेत. आज त्या एकवीसपैकी सतरांची नावं फक्त त्याच सांगू शकतात. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या, कपाळावर मोठं कुंकू असलेल्या बाई कोण, असं विचारलं की त्या लगेच सांगतात: तुझ्या आजेसासूबाईंची मावसबहीण, एकट्या राहायच्या, शिवण करून तिघा भाच्यांना शिकवलं. ही माहिती चांदीत नाही. ती एका म्हाताऱ्या डोक्यात आहे. ज्या फोटोतल्या माणसाचं नाव कुणालाच ठाऊक नाही, तो फोटो कितीही खणखणीत असला तरी त्याला खऱ्या अर्थाने घसारा लागला.

श्रुतपंचमीच्या निमित्ताने

हे काम करायचं कधी? आपल्याकडे त्याची तिथी ठरलेली आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीला, मंदिरातले ग्रंथ बाहेर काढून पुसतात, वेष्टनं बदलतात, पूजा करतात. श्वेतांबर मंडळी हेच कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला करतात. एक तिथी पावसाच्या तोंडावर, दुसरी पावसाळा संपल्यावर. ताडपत्रं शेकडो वर्षं टिकली ती या नेमाने. वाळवी आणि ओल कुणाची भक्ती पाहत नाहीत, त्यांना वर्षातून एकदा कपाट उघडणारा माणूस लागतो. त्याच दिवशी ग्रंथांनंतर फोटोंचं कपाट उघडायला काय हरकत आहे?

मी काय करते ते सांगते.

फोटोमागे नाव लिहायचं ते मऊ पेन्सिलीने, कडेला, जोर न देता. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. गुळगुळीत पाठीच्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, तिथे वेगळ्या कागदावर लिहून तो कागद फोटोसोबत पाकिटात ठेवायचा. नाव, नातं, गाव, साल, आणि एक ओळ त्या माणसाबद्दल.

चिकट पानांचे अल्बम मिळतात, ते टाळायचे. डिंक काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो निघत नाही. लॅमिनेशनही नको, ते परत काढता येत नाही. काचेला टेकलेला फोटो दमट हवेत काचेलाच चिकटतो, म्हणून फ्रेम करताना मध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवायला सांगायचं. अल्बम भिंतीला लागून असलेल्या कपाटात, न्हाणीघराच्या बाजूला किंवा अगदी खालच्या कप्प्यात ठेवायचे नाहीत.

लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्यांचं आधी बघा. कॅसेट चांगली असली तरी ती लावायला यंत्र उरलेलं नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६मध्ये उत्पादन थांबवलं. पूर्वी सीडीवर उतरवून घेतलं असेल तर त्या सीडीही आता एकदा लावून पाहा आणि पुढे हार्ड डिस्कवर घ्या.

मोबाइलमधल्या फोटोंना ओल लागत नाही, पण ते एका क्षणात जातात. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मुळातल्यापेक्षा हलका झालेला असतो, म्हणून महत्त्वाचे मूळ फोटो मागून घ्यायचे. प्रत एका जागी ठेवायची नाही. एक घरी, एक लेकीकडे, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. आणि वर्षाला हजार फोटो निघत असतील तर त्यातले पंचवीस निवडून छापून घ्यायचे. निवडणं हे आपलं, बायकांचं, चांगलं जमतं. तांदूळ आपणच निवडत आलोय.

सरस्वतीबाईंनी अंधारात बसून भोकं पाडली तेव्हा शंभर वर्षांनी कुणी आठवण काढेल असं त्यांच्या मनातही नसेल. समोरचं काम नीट करायचं, एवढंच असेल. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे. येत्या श्रुतपंचमीला घरातल्या सगळ्यात वडील बाईंना दुपारी जरा मोकळं बसवा, अल्बम त्यांच्या मांडीवर द्या आणि विचारत जा, ह्या कोण, हे कोण. त्या सांगताना वाहवत जातील, जाऊ द्या. फक्त बसताना पेन्सिल बरोबर घ्या.